बायआतेचं ‘ठरलां’

आमच्या घरात कुणाचं काहीही अडलं की ते बायआतेपाशी येऊन थांबायचं. पोरीला स्थळ आलंय, हो म्हणायचं की नाही. विहिरीचा गाळ यंदा काढायचा की पुढच्या उन्हाळ्यात. बबनकाकांचे उरलेले दात काढून कवळी बसवायची की आहेत ते राहू द्यायचे. मुंबई, पुणे, ठाणे, जिथे जिथे आमची माणसं होती तिथून गावच्या घरी, तोंडवलीला, फोन जायचे. बायआते सगळं ऐकून घ्यायची. मग हात ओला असो की कोरडा, आधी पदराला पुसायची आणि जे सांगायचं ते एका वाक्यात सांगायची. शेवटी एकच शब्द, “ठरलां.” त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं तर तिला ऐकू यायचं नाही. तिचे कान शेवटपर्यंत चांगले तिखट होते, पण तेवढं ऐकू यायचं नाही.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन मसुऱ्याला गेली होती, पण तिचा नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. भाऊ नोकऱ्यांसाठी मुंबईला निघून गेले आणि घर, माड, मागचं परसू आणि देवाचं सगळं तिच्या अंगावर राहिलं. याचं तिला काय वाटलं हे ती कधी बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. वत्सला हे तिचं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर ती नुसती बाय होती, आणि आम्हा भाचरांची बायआते.

अंगानं बुटकी, चालणं फटाफट. ती घरात कुठे आहे हे तिच्या टाचांच्या आवाजावरून कळायचं. तिला एक शब्द अजिबात खपायचा नाही, तो म्हणजे ‘बघू’. माझा चुलतभाऊ, बबनकाकांचा नितीन, लहानपणी प्रत्येक गोष्टीला बघू म्हणायचा. अंघोळ करतोस का, बघू. पेज जेवतोस का, बघू. एकदा तिनं त्याला धरून पडवीच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं, बघ. काय बघायचं ते नीट बघून घे आणि मग आत ये. तो बिचारा दुपारपर्यंत समोरच्या माडांकडे बघत बसला होता. आज तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्याच्या हाताखालची माणसं त्याला फार पटकन निर्णय घेणारा साहेब म्हणून ओळखतात असं त्याची बायको रूपाली सांगते.

गणपतीला आम्ही सगळे जमायचो. घर भरायचं. कुणी कुठे झोपायचं, कुणी नारळ खवायचे, आरतीला टाळ कुणाच्या हातात द्यायचे, हे बायआते माजघराच्या दारात उभी राहून सांगायची आणि एवढी माणसं कुठेही न आपटता इकडून तिकडे जायची. एका वर्षी माझे वडील आणि बबनकाका एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय होतं ते आता दोघांपैकी कुणालाही धड सांगता आलं नसतं, पण आदल्या वर्षभरात एक अक्षर बोलले नव्हते. जेवणाची पंगत बसली. बायआते पानं मांडत आली आणि या दोघांपाशी येऊन थांबली.

“पानां कमी इली,” ती म्हणाली. “तुमी दोघे एका पानार बसा.”

घरामागे केळीच केळी होत्या. सगळ्यांना त्या दिसत होत्या. पण कुणाची बोलायची छाती झाली नाही. दोघे म्हातारपणाकडे झुकलेले भाऊ एका केळीच्या पानाच्या दोन टोकांना बसले. वरणभात वाढल्यावर काकांकडचं वरण उताराला लागून वडिलांच्या भातात गेलं. वडिलांनी बोटानं आडवा बांध घातला. थोड्या वेळानं काका म्हणाले, तुझ्या बाजूक मीठ आसा, जरा हय सरकव. त्यावर पंगतीतलं कुणी हसलं नाही, कारण बायआते वाढत होती.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या धाकट्या बहिणीनं परप्रांतातला मुलगा पसंत केला तेव्हा घरात पंधरवडाभर रडारड चालली होती. शेवटी प्रकरण तोंडवलीला गेलं. बायआतेनं मुलाची जात विचारली नाही, नोकरी विचारली नाही. तिनं विचारलं, मासे खाता? बहीण म्हणाली, खातो. “मगे ठरलां,” बायआते म्हणाली, आणि फोन ठेवून दिला. माझी आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची की बाय म्हणजे देवानं आम्हाला दिलेली सोय आहे. आम्ही तिला माणसापेक्षा सोय म्हणूनच जास्त वापरलं असावं.

तर अशा बायआतेकडे मी एका गणपतीला एक प्रश्न घेऊन गेले होते. माझी नोकरी संपत आली होती. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा बंगलोरला स्थिरावला होता. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये एकटीनं राहायचं, मुलाकडे जायचं, की तोंडवलीला येऊन बायआतेसोबत राहायचं, यातलं काहीच मला सुधरत नव्हतं. रोज सकाळी एक वाटायचं आणि संध्याकाळी दुसरं. मी ठरवलं की ठरवायचं नाही. गणपतीत बायआतेला विचारू. ती हात पुसेल, आणि काय ते सांगेल.

मी पोचले तेव्हा ती पडवीत खुर्चीवर बसलेली होती. तिला खुर्चीत बसलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं. खुर्ची पाहुण्यांसाठी असते असं तीच म्हणायची. मला बघून हसली, इलंस, म्हणाली, पण उठली नाही. आत रूपाली आणि नितीनची मुलगी रिया सामान घेऊन माजघरात उभ्या होत्या. कुठे ठेवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं म्हणून उभ्याच होत्या. रूपालीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांनी तीनतीनदा विचारलं, आणि आतेंनी दर वेळी एकच उत्तर दिलं.

मीही जाऊन विचारलं. बायआते शांतपणे म्हणाली, “माका कित्याक विचारतास? तुमी ठरवा.”

पहिले दोन दिवस आमची जी त्रेधा उडाली ती आठवली की आजही मला हसावं की काय ते कळत नाही. फॅन असलेली मधली खोली सगळ्यांनीच धरली आणि उरलेल्या खोल्या रिकाम्या. काळ्या वाटाण्यांची उसळ दोघींनी दोन चुलींवर केली आणि भात कुणीच लावला नाही. गणपतीवरच्या माटवीला, म्हणजे वर टांगायच्या त्या लाकडी चौकटीला, नारळ आधी बांधायचे की कवंडळं, ती लाल रानफळं, यावरून नितीन आणि बबनकाका यांच्यात वाद झाला. पूजेला कोण बसणार हा त्याहून मोठा प्रश्न. माझे वडील आता नव्हते, काकांचे गुडघे वाकत नव्हते, नितीनला बसायचं होतं पण वडील असताना आपण कसं बसायचं म्हणून तो थांबला. भटजी सोवळं सावरत उभे. सगळ्यांच्या माना पडवीकडे वळल्या. बायआतेनं त्या माना बघितल्या आणि नजर खाली घेतली. शेवटी रियानं पाट सरकवला आणि बाबा, बसा, म्हणाली.

मग तर्क सुरू झाले. रूपालीला वाटलं आपण मागच्या वर्षी एक दिवस आधी निघालो त्याचा राग आहे. काका म्हणाले, बायचं असंच, तिच्या मनात काहीतरी आलंय, दोन दिवसांनी उतरेल. नितीनला मात्र भलतीच शंका आली. त्यानं पुण्यात एका सहकाऱ्याच्या आईचं विसरणं जवळून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो तिला गाडीत घालून मालवणला डॉक्टरकडे घेऊन गेला. मी बरोबर होते. डॉक्टरांनी वार विचारला, तिथी विचारली, भावंडांची नावं, घरातल्या गुरांची नावं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. बायआतेनं सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांना त्यांच्या आजोळचं घर कुठल्या वाडीत तेही सांगितलं. डॉक्टर हसत म्हणाले की यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, तुम्ही काळजी करू नका.

परत येताना नितीन गाडीत म्हणाला, म्हणजे रागच आहे. मागे बसलेल्या बायआतेनं ते ऐकलं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, पण मला वाटलं तिला बरं वाटलं. का वाटलं असेल ते मला कळेना. घरी आल्यावर सगळेच तिच्याशी जपून बोलू लागले, कुणी तिच्या आवडीचा कोरा चहा करून दे, कुणी पाय चेपू का विचार. रुसवा काढण्याचे आमचे सगळे उपाय चालू होते आणि ती हे सगळं लाज वाटल्यासारखी करवून घेत होती.

गौर आणायच्या दिवशी दुपारी तिनं मला आतल्या खोलीत हाक मारली. पलंगावर दोन साड्या घडी मोडून पसरलेल्या होत्या, एक मोतिया रंगाची, एक निळसर. ती दोन्हींच्या मध्ये परकर-पोलक्यावर बसलेली होती. बाहेर बायका जमायला लागल्या होत्या.

“यातली खंयची नेसू?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, तुका आवडता ती नेस.

“तांच कळणा नाय,” ती म्हणाली.

मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तिच्या शेजारी बसले. ती साडीच्या काठावर बोट फिरवत राहिली. मग हळू आवाजात बोलली, अगदी दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी.

“माका सगळां आठवता गो. तुझ्या बापाशीच्या लग्नात कोण कोण इल्ले तां बसान सांगतंय. पण दोन वस्तू समोर इल्यो काय खंयची उचलू तां कळणा नाय. हात मधीच ऱ्हवता.”

मी विचारलं, कधीपासून. शिमग्यापासून, ती म्हणाली. एका सकाळी न्याहारीला घावणे करायचे की आंबोळ्या, याचा विचार करत ती चुलीपुढे बसली आणि दुपार झाली. मग हे सारखंच होऊ लागलं. पुढच्या दारानं जायचं की मागच्या, छत्री घ्यायची की नको. घरात एकटी होती म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. गणपती जवळ आला तशी तिला धास्ती बसली, कारण आता सगळे येतील आणि विचारायला लागतील.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस.

“काय सांगू? डोक्यात बिघाड झालो म्हणतले. रुसलंय म्हणान समजूंदेत. तां बरां.” आणि थोडं थांबून, “हां म्हातारपण की दुसरां काय, माझां माकाच कळणा नाय.”

मी माझा प्रश्न घेऊन आले होते तो माझ्या तोंडाशी तसाच होता. लाज अशी वाटली की आपण या बाईला विचारायला निघालो होतो. नितीनला सांगावं, की तिनं विश्वासानं सांगितलं ते पोटात ठेवावं, हेही मला कळेना. सांगू का नको, असं मी तिला विचारणारच होते, आणि ऐन वेळी तोंड मिटलं. मी मोतिया साडी उचलली. ही नेस, म्हटलं. ती लगेच उठली आणि चांगली चापून चोपून नेसली, जशी नेहमी नेसायची. बाहेर गेली तेव्हा बायका म्हणाल्या, बाय, साडी काय शोभता तुका. ती हसली.

त्यानंतर मी घरात वावरताना एक करत गेले. तिच्यापुढे दोन गोष्टी येऊ द्यायच्या नाहीत. रूपालीनं आते, चहा घेणार की पेज, असं विचारलं की मी पेज आणून ठेवायची. कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. रियाच्या कदाचित आलं असेल. ती मधूनच माझ्याकडे बघायची, पण तिनंही कधी विचारलं नाही.

आमचं घर तोंडवलीच्या त्या चिंचोळ्या पट्टीत आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. गणपती समुद्रात पोचवायचा की खाडीत, हे दर वर्षी बायआते पाणी बघून सांगायची. विसर्जनाच्या संध्याकाळी वारा सुटला होता, सुरूच्या झाडांतून समुद्राचा आवाज घरापर्यंत येत होता. नितीननं पाटासकट गणपती डोक्यावर घेतला, पुढे झांजा, मागे बायका गौर घेऊन. वाट जिथे दोन्हीकडे फुटते तिथे मिरवणूक सवयीनं थांबली. झांजाही थांबल्या. नितीन मान वळवू शकत नव्हता, त्यानं तसंच पुढे बघत विचारलं, “बायआते, समुद्र की खाडी?”

ती माझ्या शेजारी उभी होती. तिनं हात पदराला पुसला. आम्ही सगळे त्या पुसण्याकडे बघत होतो, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की आता येईल. तिचे ओठ हलले. तिनं समुद्राकडे बघितलं, मग खाडीकडे, मग परत समुद्राकडे. पाऊस भुरभुरायला लागला, मूर्तीवर कुणीतरी छत्री धरली. काका पुटपुटले, बाय, पोराची मान मोडात. तिनं माझा दंड धरला. तिची बोटं गार पडली होती आणि पकड अशी होती की मला दुखलं.

“खाडीत,” मी म्हटलं.

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मला पाण्यातलं काही कळत नाही. भरती होती की ओहोटी हेही मला सांगता आलं नसतं. पण झांजा वाजायला लागल्या आणि नितीन खाडीच्या वाटेला वळला. काकांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, जशी ते आजवर बायआतेच्या बोलण्यावर हलवायचे. मला ते अजिबात आवडलं नाही. मला घाबरायला झालं.

त्या संध्याकाळपासून घरातले लोक मला विचारू लागले. उरलेले मोदक कुणाला द्यायचे, पाट धुऊन ठेवायचे की पुसून. मी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तरानंतर मला वाटायचं की दुसरं सांगायला हवं होतं. बायआतेला तिच्या चांगल्या दिवसांत असं वाटत होतं का, हे मला तिला विचारायचं राहून गेलं. कदाचित तिलाही पाण्यातलं काही कळत नसेल. कदाचित कळत असेल. आम्ही कधी पडताळून पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर मी चार दिवस मागे राहिले. त्या दिवसांत मी तिच्यापुढे एकेक गोष्ट ठेवत गेले आणि आमचं बरं चाललं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, आते, मी नोकरी संपल्यावर हयसर येवन ऱ्हवू? बोलून झाल्यावर जीभ चावली. तिनं पुष्कळ वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग तांदूळ निवडायला घेतले.

पुढचं थोडक्यात सांगते. ठाण्याला गेल्यावर मी नितीनला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला की तिला पुण्याला आणू. ती आली नाही. शेजारच्या बाईला सोबतीला ठेवलं. त्या बाईला मी समजावून सांगितलं होतं की विचारायचं नाही, नुसतं द्यायचं. तिनं ते नीट सांभाळलं. पुढच्या शिमग्याच्या आधी एका सकाळी बायआते झोपेतच गेली. मी आता निवृत्त झाले आहे. ठाण्याला राहते, अधूनमधून तोंडवलीला जाते, महिना महिना राहते आणि परत येते. कुठे राहते असं कुणी विचारलं तर मला सरळ सांगता येत नाही. रियाचे फोन येतात. ही नोकरी घेऊ की ती, असं विचारते. मी सांगते काहीतरी.

पण मला सांगायची आहे ती मी निघाले त्या सकाळची गोष्ट. ठाण्याच्या गाडीसाठी आचरा तिठ्यापर्यंत रिक्षा सांगितली होती. मी सामान ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसले, तर बायआते चपला घालून आली. हातात एक कापडी पिशवी होती. ती माझ्या शेजारी चढून बसली. मी विचारलं, खंय येतंस? ती म्हणाली, “चल.” रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघितलं. तिठ्यापर्यंत सोडायला येते आहे की माझ्यासोबत ठाण्याला निघाली आहे? पिशवीत काय आहे ते दिसत नव्हतं. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही. मी चल म्हटलं.

आम्ही सुरूच्या बनाच्या कडेनं गेलो. ती समोर बघत होती. खाडीवरच्या वळणाला तिनं रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि थांब म्हणाली. रिक्षा पुरती थांबायच्या आत ती उतरली. पिशवी माझ्या मांडीवर राहिली होती. मी ती पुढे केली, तिनं हातानंच नको म्हटलं आणि परत घराच्या दिशेनं चालायला लागली. पिशवीत निवडलेले तांदूळ होते आणि वर तिची मोतिया साडी, हे मी गाडीत बसल्यावर पाहिलं. माझ्याबरोबर यायला निघाली होती आणि वाटेत मन फिरलं, की मुळातच वळणापर्यंत पोचवायला आली होती, की मी आदल्या दिवशी विचारलं त्याचं ते हो होतं किंवा नाही होतं, यातलं काहीच मला आजतागायत उलगडलेलं नाही. मी रिक्षाच्या मागच्या काचेतून बघत राहिले. पाठीवरचा पदर वाऱ्यानं उडत होता आणि ती फटाफट चालली होती, एकदाही मागे न बघता. वाटेवर डबकं आलं तेव्हा ती थांबली नाही. डाव्या बाजूनं वळसा घालून गेली.